भट्टी निवण्याआधी

१

शनिवारी सकाळी भट्टी उघडली, आणि गॅलरीवाल्याने हौसेने हात घालून काढलेल्या पहिल्याच सुरईचा तळ आतच राहिला. गळा तेवढा त्याच्या हातात आला. आपल्याच हातून आगळीक झाली असं वाटून तो ओशाळला आणि "सॉरी, सॉरी" म्हणत मागे सरकला. मग धाकट्याने दुसरं भांडं उचललं. त्याला वरपासून खालपर्यंत केसासारखी भेग होती. तिसऱ्यालाही तशीच. चौथ्यालाही.

त्या भट्टीत भावजयीचं अख्खं वर्ष होतं. मातीकाम तिचा नवरा, धाकटाही करायचा, पण तो पोटापुरतं. हात तिचा होता, नाव तिचं होतं आणि पुढच्या आठवड्यात भरायचं प्रदर्शनही तिचंच होतं. त्यासाठीच तर धाकट्याची थोरली बहीण खास गाडी काढून आली होती. तिला सगळे ताई म्हणत. विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करण्यात तिचा उभा जन्म गेला होता. जळालेली दुकानं, छत कोसळलेली गोदामं बघून बघून तिची नजर अशी झाली होती, की निवृत्त झाल्यावरही कुणाच्या घरी गेली तरी आधी भिंतीवरची ओल दिसायची. आज मात्र ती पाहुणी म्हणून आली होती.

"हे झालं कसं?" गॅलरीवाल्याने विचारलं.

"कुणीतरी गरम असताना दार उघडलं," भावजय म्हणाली. ती सुरुवातीपासून मागे भिंतीला टेकून उभी होती. तुम्हीच काढा, असं तिनेच सगळ्यांना सांगितलं होतं. "गार वारा आत गेला की भांडी अशीच जातात. खालच्या दाराची चावी तिघांकडे आहे. माझ्याकडे, ह्याच्याकडे आणि हिच्याकडे."

'हिच्याकडे' म्हणजे झिपरीकडे. झिपरी तिशीतली बाई, दोन वर्षं इथे काम शिकत होती. केस कधी विंचरल्यासारखे दिसत नाहीत म्हणून भावजयीनेच तिला लाडाने ते नाव दिलं होतं. पण गेले काही महिने भावजय तिला कुठल्याच नावाने हाक मारत नव्हती.

"तुझी चावी इथे ठेव," भावजय म्हणाली. "आणि उद्यापासून येऊ नकोस."

झिपरीने चावी काढली खरी, पण तिचं लक्ष चावीकडेही नव्हतं आणि फुटलेल्या भांड्यांकडेही नव्हतं. ती भट्टीतल्या पुढच्या फळीकडे बघत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "माझे..." एवढंच ती म्हणाली, आणि धाकट्याने तिच्याकडे असं काही बघितलं की तिने पुढचा शब्द गिळला.

ते बघणं ताईला दिसलं. भावजयीलाही दिसलं.

२

ताईने सगळ्यांना वर चहाला पाठवलं आणि ती भट्टीपाशी एकटीच थांबली.

तीन वर्षांपूर्वी धाकट्याने शेण खाल्लं होतं. एका दुसऱ्या बाईपायी घर सोडून तो काही महिने राहिला, मग मान खाली घालून परत आला. भावजयीने त्याला घरात घेतलं. माफ केलं असं ती म्हणाली, आणि तिने खरोखरच केलंही असावं. पण त्यानंतर या घरात कधीही आलं तरी ताईला असं वाटायचं, की कुठेतरी एखादा नळ गळतोय आणि तो कुणालाच सापडत नाहीये. धाकटा दुकानात जरी निघाला तरी कुठे, कशाला, किती वेळ हे न विचारताच सांगून टाकायचा. भावजय ऐकून घ्यायची, आणि तो परत आला की त्याचा चेहरा, शर्ट, बूट असं वरपासून खालपर्यंत बघायची.

आता झिपरीचं निमित्त झालं तर हे लग्न काही टिकत नाही, हे ताईला कळत होतं. म्हणून ती वाकली आणि तिने आयुष्यभर जे केलं तेच केलं. काय फुटलंय ते नंतर बघायचं, काय नाहीये ते आधी.

दाराजवळची भांडी बहुतेक सगळी गेली होती. मागच्या रांगेतली काही धडधाकट होती. भट्टीच्या फळ्यांना, भांडी चिकटू नयेत म्हणून, पांढरा मुलामा दिलेला असतो. जिथे जिथे भांडं उभं होतं तिथे तिथे त्याच्या बुडाची गोल खूण उमटली होती. ताई एकेक भांडं त्याच्या त्याच्या खुणेवर ठेवून बघत गेली. पुढच्या फळीवर, अगदी मधोमध, दोन लहान वर्तुळं उरली. त्यांच्यावर ठेवायला काही नव्हतं.

दाराच्या मधोमध आत डोकवायला एक भोक होतं आणि त्याला मातीचं बूच. ताईने दार लावलं, बूच काढलं आणि बॅटरी घेऊन आत बघितलं. एवढ्या मोठ्या भट्टीतलं त्या भोकातून फारसं दिसत नव्हतं. नेमकी ती दोन वर्तुळं मात्र दिसत होती.

आणखी एक गोष्ट होती. ज्याला वाटोळंच करायचं असतं तो एक दांडका घेतो आणि दोन मिनिटांत मोकळा होतो. इथे एकाही भांड्याला धक्का लागलेला नव्हता. आणि दार उघडणाऱ्याने ते पुन्हा नीट लावून, कडी घालून ठेवलं होतं. म्हणजे जी भांडी वाचतील ती वाचावीत असं त्याला वाटत होतं.

कुणी फोडायला आलंच नव्हतं. कुणीतरी दोन वस्तू बाहेर काढायला आलं होतं, आणि त्या निवेपर्यंत थांबायचा धीर त्याला नव्हता.

३

गॅलरीवाला गाडीत बसून फोनवर कुणाला तरी समजावत होता. ताईने काचेवर टकटक केल्यावर तो उतरला.

"माझ्यावर संशय आहे का?" त्याने स्वतःहूनच विचारलं. "हॉलचं रंगकाम रखडलंय. प्रदर्शन पुढे ढकला म्हणून मी दोनदा विनवलं, त्या ऐकेनात. पण म्हणून मी भांडी फोडेन का हो?"

"काल इकडे आला होतात?"

"दुपारी आलो होतो, खोकी किती लागतील ते विचारायला. बेल वाजवली, कुणी दार उघडलं नाही. आत कुणीतरी होतं मात्र."

"कशावरून?"

"मागच्या अंगणात काहीतरी फुटल्याचा आवाज आला. एकदा, मग थोड्या वेळाने पुन्हा एकदा. मला वाटलं, बिघडलेला माल फोडताहेत. हे लोक फोडतात तसा. म्हटलं कामात आहेत, आणि निघालो."

मागच्या अंगणात वाया गेलेल्या मातीचं पिंप होतं. बाजूला हात धुवायचा दगडी कट्टा. कट्ट्याच्या कडेला निळसर काचेचा एक कण ताईच्या बोटाला लागला. तिने बाह्या सरसावल्या आणि पिंपातली कोरडी ढेकळं उपसायला सुरुवात केली. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा तुकडे लागले. मोठे, स्वच्छ, निळ्या झिलईचे तुकडे. दगडावर बसून तिने ते जुळवले. दोन कप झाले. दोन्ही कपांना कान होते.

भावजय कपांना कान करत नसे. ओंजळीत धरता येत नाही तो कप कसला, असं ती म्हणायची. तेव्हा हे तिचे नव्हते.

ताईने तळ उलटे केले. कच्च्या मातीवर टोकदार काडीने कोरलेलं होतं. एका कपाखाली 'परत'. दुसऱ्याखाली 'ये'.

तीन वर्षांपूर्वी हाच निरोप तिने स्वतः धाकट्याला रोज पाठवला होता. आता तो त्याला दुसरंच कुणी पाठवत होतं की काय? मागे पाऊल वाजलं म्हणून तिने वळून बघितलं, तर धाकटा उभा होता. त्याची नजर तुकड्यांवर होती.

"शोधत बसू नकोस, ताई," तो म्हणाला. "भट्टी मी उघडली."

४

"का?"

"कप झिपरीचे होते. प्रदर्शनाच्या भट्टीत दुसऱ्या कुणाचं काही ठेवायचं नाही असं हिने बजावलं होतं. मी तरी ठेवले, पुढे जागा होती म्हणून. मग वाटलं, सगळ्यांसमोर दार उघडलं की हिला दिसतील. म्हणून काल आधीच काढले."

"पुन्हा तेच चाललंय का तुझं?"

"तू तसं समज." तो अंगणातल्या नळाकडे बघत बोलत होता.

"समजू कशाला? विचारतेय ना मी तुला."

"हो म्हटलं तर सुटेल का विषय? मग हो."

लहानपणी शेजारच्यांची काच फुटली की हा असाच पुढे होऊन उभा राहायचा. फोडलेली असो वा नसो. ताईने आवाज खाली आणला. "बरं. काढलेस कप. मग काय केलंस?"

"चिमट्याने उचलले आणि बादलीत टाकले. पाण्यात. फुटले तसे पिंपात पुरले."

"पाण्यात फुटले?"

"लालभडक होते. दुसरं काय होणार?"

ताईने एक तुकडा उचलून उन्हात धरला. कितीतरी वर्षांपूर्वी तिने भांड्यांच्या एका जळालेल्या गोदामाची पाहणी केली होती. बंबवाल्यांनी पाणी मारलेली भांडी तिला आठवत होती. त्यांच्या झिलईवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडल्या होत्या आणि हात लावला की त्यांचा चुरा होत होता. या तुकड्याची झिलई आरशासारखी साफ होती. हा कप पाण्यात गेलाच नव्हता. तो हवेत निवला होता आणि मग दगडावर आपटला गेला होता, एकामागून एक, गॅलरीवाल्याला ऐकू येईल असा.

"काल दुपारी तू कुठे होतास, धाकट्या?"

"सांगितलं ना. इथेच होतो."

"खोकी आणायला कोण गेलं होतं? वर जिन्यात रचून ठेवलीत ती खोकी कुणी आणली?"

त्याने पायाने एक ढेकूळ पिंपाकडे ढकललं.

"तू नव्हतास इथे. कपांचं काय झालं ते तुला आत्ता, हे तुकडे बघून कळलं. कुणाला वाचवतोयस?"

त्याने मान खाली घातली आणि तो तरातरा फाटकाकडे निघून गेला. फाटकाच्या पायरीवर झिपरी बसली होती. तिला तो काहीतरी बोलला. तिने जोरजोरात मान हलवली.

५

झिपरीची पिशवी मांडीवर होती. घरी जायला निघाली होती, पण पाय निघत नसावा.

"दादा म्हणतात, तू काही बोलू नकोस," ती ताईला म्हणाली. "पण आता बोलायला हवं. ते कप माझ्या नवऱ्यासाठी होते."

ताई तिच्याशेजारी पायरीवर बसली.

"तो वर्षभर वेगळा राहतोय. चूक माझी होती. ऑफिसात एक जण होता." तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "त्यातून बाहेर पडले तेव्हा घरात कुणी नव्हतं. मला कळेना काय करायचं. दादांचं मी ऐकून होते. म्हणून एक दिवस धीर करून त्यांना विचारलं, की तुम्ही परत कसे आलात? दाराशी उभं राहून पहिलं वाक्य काय बोललात?"

"आणि तो काय म्हणाला?"

"म्हणाले, काही बोलता आलं नाही. म्हणाले, परत येणं सोपं होतं, नंतर रोज येत राहणं अवघड आहे. आम्ही बोलायचो ते एवढंच. बाईंना सांगा, असं मी कितीदा म्हटलं त्यांना. पण ते म्हणायचे, तिच्यासमोर तो विषय काढायचा म्हणजे तिला पुन्हा सगळं भोगायला लावायचं. आणि माझी गोष्ट माझी आहे, ती त्यांनी कशी सांगायची?"

"कपांखाली काय लिहिलंय ते त्याला ठाऊक होतं?"

"होतं ना. भट्टीत ठेवताना त्यांनी वाचलं. छान आहे म्हणाले."

ताई उठली. आता तिला सगळं स्पष्ट दिसत होतं आणि त्यामुळे तिला अजिबात बरं वाटत नव्हतं. ती जिना चढली. वर भावजय खिडकीपाशी उभी होती. खाली पायरीवर झालेलं बोलणं तिला दिसलं होतं, ऐकू आलं नव्हतं. ताईच्या मागोमाग धाकटाही वर आला आणि दारातच थांबला.

"कबूल केलं ना ह्याने?" भावजय म्हणाली.

"केलं. खोटं केलं." ताई खुर्ची ओढून बसली. "मी सांगते, मग तू बोल. त्या भट्टीत दोन कप होते. गरम भट्टी उघडून कुणीतरी तेवढेच काढले. का काढले असतील? लपवायला, असं मलाही आधी वाटलं. पण लपवायचे असते तर ते अख्खे पिशवीत घालून नेता आले असते. फोडून इथेच पुरायचं कारण नव्हतं. ते काढले होते वाचायला. खाली काय लिहिलंय ते बघायला. धाकट्याला ते ठाऊक होतं, त्याने स्वतः ठेवले. झिपरीला ठाऊक होतं, तिने स्वतः लिहिलं. गॅलरीवाल्याला आत असे कप आहेत हेच माहीत नव्हतं. म्हणजे माणूस असा हवा, की ज्याला कप आहेत हे कळलं होतं, पण ते कशासाठी आहेत ते कळलं नव्हतं. दाराच्या भोकातून तेवढेच कप दिसतात. भट्टी पेटलेली असताना त्या भोकाला डोळा लावून बसायचं काम या घरात एकच माणूस करतं."

भावजयीने नाकारलं नाही. ती खिडकीच्या कट्ट्यावर बसली आणि दोन्ही तळवे मांडीवर उलटे ठेवले.

"त्यांना कान होते," ती म्हणाली. "आत सगळं लाल असतं तेव्हा आकार तेवढे दिसतात. माझ्या भांड्यांच्या पुढे दोन कानवाले कप. शेजारी शेजारी. गुरुवारपासून मला दुसरं काही दिसलं नाही. झोपले तरी तेच. काल हा बाहेर गेला आणि मी खाली उतरले. म्हटलं, नुसतं बघून येऊ. मग हातमोजे घातले." ती थांबली. "दार उघडलं आणि पहिलं टिंग झालं. माझ्या कानांना कळतं ते. मग दुसरं. एकेक भांडं जात होतं आणि मला ऐकू येत होतं. तरी मी आधी दोन्ही कप उलटे करून वाचले. मगच दार लावलं."

"ते तिच्या नवऱ्यासाठी होते," ताई म्हणाली, आणि झिपरीने सांगितलं ते तिने थोडक्यात सांगितलं.

भावजयीने ते ऐकलं. मग तिने वळून खिडकीतून खाली पायरीकडे बघितलं.

"मला विचारायचं होतंस," धाकटा दारातून म्हणाला.

"मागच्या वेळी विचारलं होतं. आठवतं काय म्हणाला होतास?"

त्याला आठवत होतं. तो आत आला आणि पलंगाच्या कडेवर टेकला.

"काल मी खोकी घेऊन आलो," तो म्हणाला, "तेव्हा तू माझ्याकडे बघितलं नाहीस. तीन वर्षांत पहिल्यांदा मी घरात शिरलो आणि माझी झडती झाली नाही. मला इतकं हलकं वाटलं. आज सकाळी भट्टी उघडली तेव्हा कळलं, ते काय होतं."

"म्हणून माझा आळ स्वतःवर घेतलास? पांग फेडलेस का?"

"कुठेतरी फिटावं असं वाटतं ना माणसाला."

"असं नाही फिटत," भावजय म्हणाली. त्यात राग नव्हता. ती फार दमलेली दिसत होती. "आणि माझीही जखम अशी बघून बघून भरत नाही."

६

ती खाली गेली. झिपरी अजून पायरीवरच होती. भावजय तिच्यासमोर उभी राहिली आणि दोघी काय बोलल्या ते वर नीटसं ऐकू आलं नाही. भावजयीने चावी पुढे केलेली मात्र ताईने खिडकीतून पाहिली. झिपरीने ती घेतली नाही.

"कप मी पुन्हा करीन," ती उठता उठता म्हणाली, ते वर ऐकू आलं. "दुसरीकडे करीन, बाई. तुम्ही मला चोर ठरवलंत त्याचं मला काही नाही. पण भट्टी कुणी उघडली ते तुम्हाला ठाऊक होतं, आणि तरी सगळ्यांसमोर मला घालवलंत." ती गेली. फाटक तिने अगदी हळू लावलं.

गॅलरीवाल्याला धाकट्याने काय सांगितलं कोण जाणे. तो प्रदर्शन पुढे ढकलून, भावजयीला लवकर बरं व्हायला सांगून निघून गेला.

दुपार कलली तेव्हा ताई निघायला उठली. तिच्या मनात होतं, की धाकट्याला चार दिवस आपल्याकडे न्यावं. इथे दोघांनी एका छताखाली आत्ता राहणं बरं नाही. त्याला तसं सांगायला ती तोंड उघडणार, तोच भावजय म्हणाली, "ताई, मी येऊ का तुमच्याकडे?"

ताईने भावाकडे बघितलं. हा तिचा भाऊ, आणि जाऊ म्हणत होती ती भावजय. पण धाकटाच उठला, त्याने कपाटावरची बॅग काढली, झटकली आणि बायकोसमोर ठेवली.

"तुझी थंडीची शाल धुवायला टाकलीय," तो म्हणाला. "माझी घेऊन जा."

तिने ती घेतली.

बॅग गाडीत ठेवून तो खिडकीपाशी वाकला. "फोन करू?"

"मी करीन," ती म्हणाली. "केला नाही, तर केला नाही असं समज. वाट बघ. मीही बघितली होती."

त्याने मान हलवली आणि तो बाजूला झाला.

गल्लीचं वळण आलं, मग मोठा रस्ता लागला. ताईने गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घेतली. शेजारी भावजय ताठ बसली होती. बोटं शालीच्या काठाशी सारखी चाळवत होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "तो आता काय करत असेल?"

"मला काय माहीत?" ताई म्हणाली.

"मलाही नाही माहीत," भावजय म्हणाली. मग तिने शाल अंगाभोवती लपेटली, डोकं मागे टेकलं आणि पुलापलीकडे गाडी पोचायच्या आत तिला झोप लागली.